पत्रकारांचं स्वातंत्र्य आणि पत्रकारांची जबाबदारी: इंदूरच्या मराठी वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या मराठी घरांत सकाळी हिंदी दैनिक येतं, दुपारपर्यंत पुण्या-मुंबईच्या मराठी बातम्या व्हॉट्सॲपवर पोचतात आणि रात्री टीव्हीवर आरडाओरडा सुरू होतो. रामबाग असो, लोकमान्य नगर असो की राजेंद्र नगर, पेपरवाल्यांचा विषय निघाला की हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. म्हणून त्यांची उत्तरं एकत्र लिहिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं बरंच आहे.

वृत्तपत्रस्वातंत्र्य घटनेत नेमकं कुठे लिहिलं आहे?

असं वेगळं कलम नाही. कलम 19 ने प्रत्येक नागरिकाला भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य दिलं आहे आणि वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य त्यातच येतं, असं सर्वोच्च न्यायालय 1950 च्या रोमेश थापर खटल्यापासून सांगत आलं आहे. म्हणजे पत्रकाराला तुमच्या-माझ्यापेक्षा जादा हक्क कुठलाच नाही. गाडीवर 'प्रेस' लिहिल्याने तर मुळीच मिळत नाही.

या बाबतीत मराठी वाचकांनी एक निकाल माहीत करून घ्यायलाच हवा. तो आहे पुण्याच्या 'सकाळ'चा. सरकारने 1956 साली कायदा केला आणि 1960 साली आदेश काढला, की इतक्या किमतीला पेपरने इतकीच पानं द्यावीत. सांगितलेला हेतू चांगला होता: बड्या पेपरांनी छोट्यांना गिळू नये. प्रत्यक्षात मात्र 'सकाळ'पुढे दोनच वाटा उरल्या, किंमत वाढवा नाहीतर पानं कापा. दोन्हीकडून वाचक तुटणार होता. 'सकाळ' सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्याच्याबरोबर पेपरचे दोन वाचकही अर्जदार म्हणून गेले. 1962 चा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या निकालात सरकारचं हे पाऊल घटनाबाह्य ठरलं. छापायला मोकळीक आणि लोकांपर्यंत पोचवायला अटकाव, असं चालणार नाही, हा त्याचा गाभा. मला मात्र त्या खटल्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती वाचकांनी कोर्टाची पायरी चढणं. पेपर आपला आहे, त्याची पानं कापली तर आपलं काहीतरी हिरावलं जातं, हे त्यांना उमगलं होतं.

मग सरकारला बंधनं घालताच येत नाहीत का?

येतात, पण घटनेत दिलेल्या कारणांसाठीच: देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता आणि नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. बंधन वाजवी असलं पाहिजे, हीही अट आहे. 'सरकारची प्रतिमा' हे कारण या यादीत नाही. कुणी अधिकारी बातमी थांबवायला सांगू लागला, तर यातलं कुठलं कारण लागू आहे एवढं त्याला शांतपणे विचारावं.

आधी जबाबदारी, मग स्वातंत्र्य, असं का नसावं? पत्रकार बेबंद झाले आहेत.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्यांचा राग खोटा नसतो. पण जबाबदारी म्हटली की ती कुणाला द्यायची, हे आधी ठरवावं लागतं. मंत्र्याला? मालकाला? जाहिरातदाराला? माझं उत्तर पक्कं आहे: पत्रकार वाचकाला उत्तर देणं लागतो. ज्याच्यावर बातमी लिहायची त्याच्याच परवानगीने लिहायची वेळ आली, की जबाबदारी हा शब्द दटावणीसाठी वापरला जाऊ लागतो.

याचं मराठीतलं सगळ्यात जुनं आणि बोलकं उदाहरण टिळक-आगरकरांचं आहे. 'केसरी' आणि 'मराठा' नुकतेच सुरू झाले होते. कोल्हापूरचे महाराज चौथे शिवाजी यांचा छळ होतो आहे आणि त्यात कारभारी माधवराव बर्वे यांचा हात आहे, असं दाखवणारी पत्रं या तरुण संपादकांच्या हाती आली. त्यांनी त्या भरवशावर लिहिलं. बर्व्यांनी बदनामीची फिर्याद केली आणि पत्रं बनावट निघाली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी 1882 च्या जुलैत चार महिन्यांची शिक्षा झाली आणि दोघांनी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. सुटल्यावर लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं, ते त्यांच्या धैर्यासाठी. कागद खोटे होते ही गोष्ट त्याने पुसली जात नाही. महाराजांबद्दलची त्यांची कळकळ अस्सल होती, पण कळकळ अस्सल असली म्हणून हातातला कागद अस्सल ठरत नाही. आज व्हॉट्सॲपवर आलेला स्क्रीनशॉट पाच मिनिटांत बातमी म्हणून चालवणाऱ्या प्रत्येकाने हा खटला वाचावा.

आणि त्याच टिळकांना पुढे 1897 आणि 1908 मध्ये राजद्रोहाखाली शिक्षा झाली. 1908 ची तर सहा वर्षांची, मंडालेची. 1882 ची शिक्षा बनावट कागदांमुळे ओढवली आणि पुढच्या दोन्ही लिखाण सत्तेला झोंबलं म्हणून. दोन्ही गोष्टींना 'पत्रकार जेलमध्ये गेला' असं एकच नाव दिलं, की आपली विचार करण्यात गफलत होते.

होळकरांसारख्या संस्थानिकांबद्दल लिहायला पेपरांना कितपत मोकळीक होती?

संस्थानिकांना पेपरांपासून वाचवायला ब्रिटिशांनी खास कायदाच केला होता, 1922 साली. ब्रिटिश हद्दीतल्या पेपरने एखाद्या संस्थानिकाबद्दल अप्रीती पसरवली, तर शिक्षा. मध्यवर्ती कायदेमंडळाने ते विधेयक मांडूच दिलं नाही, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या विशेष अधिकारात ते मंजूर करून घेतलं.

आणि तीनच वर्षांत इंदूरचं प्रकरण उभं राहिलं. 12 जानेवारी 1925 ला मुंबईत मलबार हिलवर व्यापारी अब्दुल कादर बावला यांचा खून झाला. हल्लेखोरांना त्यांच्याबरोबरच्या मुमताज बेगमला पळवून न्यायचं होतं. ती होळकर दरबारातून निसटलेली होती. पकडलेल्यांचे धागे इंदूर संस्थानाशी जुळले आणि मुंबईच्या पेपरांनी विषय लावून धरला. शेवटी चौकशी आयोगाला सामोरं जा किंवा गादी सोडा, असा पर्याय इंदूरचे महाराज तिसरे तुकोजीराव होळकर यांच्यापुढे ठेवला गेला आणि 1926 मध्ये त्यांनी गादी सोडली.

आपल्याकडच्या बऱ्याच घरांत होळकरांबद्दल मनापासून आदर आहे, माझ्याही आहे. अहिल्याबाईंचं नाव निघालं की हात आपोआप जोडले जातात. तो आदर ठेवूनही हे प्रकरण मोकळेपणाने सांगता आलं पाहिजे.

आणीबाणीत इंदूरच्या पेपरांनी काय केलं?

25 जून 1975 च्या रात्री आणीबाणी आली आणि पाठोपाठ सेन्सॉरशिप. मजकूर छापण्याआधी दाखवायचा. इंदूरच्या 'नई दुनिया'ने तेव्हा संपादकीयाची जागा कोरी सोडली. राहुल बारपुते आणि राजेंद्र माथुर यांच्यासारखी माणसं त्या पेपरात होती. बारपुते मराठीभाषक, कुमार गंधर्वांच्या स्नेहातले, आणि हिंदी पत्रकारितेत त्यांनी घडवलेली माणसं पुढे दिल्लीपर्यंत गेली. आपण मराठी लोक पत्रकारितेचा अभिमान सांगताना 'दर्पण' आणि 'केसरी'पाशी थांबतो. आपल्याच गावातल्या या माणसाचं नाव त्यात आलं पाहिजे.

जबाबदारीने बातमी लिहायची म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं?

एक घटना घेऊन सांगतो. 2025 च्या ऑगस्टअखेर इंदूरच्या एम.वाय. रुग्णालयात, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, दोन बाळांना उंदीर चावले. पुढे ती दोन्ही बाळं दगावली. रुग्णालयाचं म्हणणं होतं की मृत्यू चाव्यामुळे झाले नाहीत, बाळांची प्रकृती आधीपासूनच गंभीर होती.

आता डेस्कवर बसलेल्या माणसापुढे मथळा आहे. 'उंदरांनी दोन बाळांचा जीव घेतला' हा मथळा जोरदार आहे, पण मृत्यूचं कारण वादात असताना तो लिहिता येत नाही. 'आजाराने दोन बाळांचा मृत्यू' हा रुग्णालयाची बाजू जशीच्या तशी उचलणारा, आणि अतिदक्षता विभागात उंदीर फिरत होते ही भयंकर गोष्ट गिळून टाकणारा. 'अतिदक्षता विभागात उंदीर चावलेली दोन्ही बाळं दगावली. मृत्यूचं कारण चावा नाही, रुग्णालयाचा दावा' हा लांबतो, पण यातला शब्द न् शब्द टिकतो. मग पुढची कामं: पेस्ट कंट्रोलचं कंत्राट कुणाकडे होतं, शेवटची फवारणी कधी झाली, परिचारिकांनी आधी लेखी कळवलं होतं का, पोस्टमार्टम झालं का. आणि बाळाच्या आईसमोर माइक धरून 'कसं वाटतंय' विचारायचं नाही.

या प्रकरणाच्या बातम्या आल्या, गाजल्या, आणि उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. बातमी नसती तर ती दोन बाळं रजिस्टरमधल्या दोन नोंदी होऊन राहिली असती. मोकळा पेपर कशाला हवा, याचं याहून मोठं कारण मला देता येत नाही.

मीडिया ट्रायल कशाला म्हणायचं?

2025 च्या मे-जूनमध्ये मेघालयात फिरायला गेलेल्या इंदूरच्या जोडप्याचं प्रकरण आठवा. पतीचा मृतदेह सापडला, पत्नी बेपत्ता होती, आणि काही चॅनेलांनी व सोशल मीडियावरच्या मंडळींनी आख्ख्या मेघालयाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. तिथल्या गाइडांना, हॉटेलवाल्यांना, साध्या गावकऱ्यांना. नंतर तपासाने वेगळंच वळण घेतलं, पत्नीला आणि इतरांना अटक झाली, आणि तीच तोंडं त्याच आवाजात दुसऱ्या दिशेने ओरडू लागली. न्यायालयाचा निवाडा होण्याआधीच ते निकाल देऊन मोकळे झाले, दोन्ही वेळा. त्या डोंगराळ राज्यातल्या लोकांची माफी किती जणांनी मागितली?

पोलिसांनी पत्रकार परिषदेत सांगितलं ते 'पोलिसांच्या म्हणण्यानुसार' असंच यायला हवं. कबुलीजबाबाबद्दलही तेच: पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. वाचकाला हे माहीत नसतं, पण क्राइम रिपोर्टरला पक्कं माहीत असतं.

पीडितेचं नाव छापलं तर?

गुन्हा आहे. बलात्काराच्या पीडितेची ओळख उघड करण्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली शिक्षा आहे, मुलांच्या बाबतीत पॉक्सोचं, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याचं, कलम 23 आहे. नाव गाळून गल्ली, शाळा, वडिलांची दुकानदारी सांगितली तरी ओळख उघड होतेच. मोहल्ल्याच्या ग्रुपवर फोटो फिरवणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

पेड न्यूज, म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, ओळखायची कशी?

2009 च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत एकाच नेत्याची स्तुती वेगवेगळ्या पेपरांत शब्दशः सारखी छापून आली होती, तेव्हा हा विषय देशभर पेटला. इंदूरला 'नई दुनिया'त सुरुवात केलेले प्रभाष जोशी त्या वर्षी, आपल्या शेवटच्या महिन्यांत, याविरुद्ध गावोगाव बोलत फिरत होते. 2010 मध्ये वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने नावानिशी अहवाल केला, पण कौन्सिलने आधी त्रोटक रूपच जाहीर केलं. पूर्ण अहवाल केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर लोकांपुढे आला.

सिद्ध करणं किती अवघड, ते मध्य प्रदेशातच दिसलं. दतियाच्या 2008 च्या निवडणुकीतल्या पेड न्यूजवरून निवडणूक आयोगाने जून 2017 मध्ये राज्याच्या एका मंत्र्याला तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं, आणि मे 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. दहा वर्षं गेली.

वाचकाने काय बघावं? बातमीत उमेदवाराच्या विरोधकाचा एकही शब्द नाही, सभेला 'अलोट गर्दी' आहे पण जागेचं नाव नाही, कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'जाहिरात' लिहिलंय का. निवडणुकीच्या काळात जिल्ह्यात माध्यम प्रमाणन आणि देखरेख समिती असते. कात्रण घेऊन तिथे तक्रार करता येते.

माझ्याबद्दल चुकीचं छापलं. काय करू?

भांडायला ऑफिसात जाऊ नका, लिहा. तारीख, पान, मथळा, नेमकं कुठलं वाक्य चुकीचं, खरं काय, आणि त्याचा पुरावा. संपादकाच्या नावे पाठवा आणि मूळ बातमी जिथे आली त्याच ठळकपणे खुलासा मागा. 'आमची बदनामी झाली' एवढंच लिहिलेलं पत्र बाजूला पडतं. 'तिसऱ्या परिच्छेदात माझ्या दुकानाला सील लागलं असं आहे, सील शेजारच्या दुकानाला लागलं, ही पालिकेची नोटीस' असं पत्र बाजूला सारता येत नाही.

ऐकलं नाही तर दिल्लीच्या प्रेस कौन्सिलकडे जा. दैनिक-साप्ताहिकासाठी छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत तक्रार पोचली पाहिजे. संपादकाला लिहिलेल्या पत्राची प्रत जोडावी लागते, आणि हाच विषय न्यायालयात चालू नाही असं लिहून द्यावं लागतं. कौन्सिल समज देतं, ताशेरे ओढतं, निषेध नोंदवतं, पण दंड किंवा तुरुंग त्याच्या हातात नाही. म्हणून तिला दात नसलेली संस्था म्हणतात. मला ते पुरतं पटत नाही. ज्या संपादकाला नावाची चाड आहे त्याला तो कागद बोचतो. ज्याला चाड नाही त्याच्यासाठी न्यायालय आहेच.

टीव्ही आणि यूट्यूबचं काय?

प्रेस कौन्सिल त्यांच्याकडे बघत नाही. टीव्ही चॅनेलला सात दिवसांच्या आत लेखी तक्रार करा. ते चॅनेल वृत्तवाहिन्यांच्या संघटनेचं सदस्य असेल तर पुढे संघटनेच्या प्राधिकरणाकडे जाता येतं. यूट्यूबवर बातम्या देणाऱ्याला मात्र बदनामीचा कायदा, पीडितेच्या ओळखीचा कायदा, द्वेष पसरवण्याचा कायदा असा सगळा लागू आहे. 'मी काही पत्रकार नाही' म्हणून सुटका नाही.

खरं छापलं तरी बदनामीचा दावा होऊ शकतो?

होऊ शकतो. न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामी अजूनही फौजदारी गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फौजदारीत नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये हा कायदा कायम ठेवला. माझं मत उलट आहे. शब्दांची भरपाई दिवाणी दाव्यात व्हावी, तुरुंगात नको. तालुक्याच्या बातमीदाराला निकालाआधी तारखाच संपवतात: दर तारखेला बसभाडं, वकील आणि बुडालेला दिवस.

बातमी देणाऱ्याचं नाव पत्रकार लपवू शकतो का?

प्रेस कौन्सिलपुढे त्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही, कायद्यातच तसं आहे. न्यायालयापुढे असं कायदेशीर कवच नाही. म्हणून कागद देताना तुमच्या हाताच्या खुणा, पेनाने केलेल्या नोंदी, ऑफिसच्या प्रिंटरचा शिक्का दिसतो का, हे आधी बघा. आणि चांगला बातमीदार हे तुमच्या आधी बघतो.

वृत्तपत्रस्वातंत्र्यात भारत 151 वा होता, हे खरं आहे का?

'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संघटनेच्या वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या 2025 च्या यादीत 180 देशांत भारत 151 वा होता. 2024 ला 159, 2023 ला 161. सरकारला ती पद्धत मान्य नाही, आणि पद्धतीवर वाद घालता येतो. पण आपल्या राज्यातल्या घटनांना यादी लागत नाही. भिंडमध्ये 2018 च्या मार्चमध्ये वाळूमाफिया आणि पोलिसांचं संगनमत दाखवणाऱ्या टीव्ही पत्रकाराला ट्रकने चिरडलं. त्याने आधीच संरक्षण मागितलं होतं. सीधीत 2022 मध्ये एका स्थानिक पत्रकाराला इतरांबरोबर पोलीस ठाण्यात अर्ध्या कपड्यांत उभं केलं आणि तो फोटो पसरवला गेला. हे दोघंही दिल्लीतले नामांकित चेहरे नव्हते. मार खाणारा बहुतेक वेळा जिल्ह्याचा स्ट्रिंजर असतो, बातमीमागे पैसे घेणारा, पगार नाही, विमा नाही, आणि प्रकरण अंगाशी आलं की 'तो आमचा नियमित कर्मचारी नाही' असं ऐकावं लागणारा. महाराष्ट्राने 2017 मध्ये पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा केला. मध्य प्रदेशातल्या बातमीदारालाही तसंच कवच हवं.

काही लोकांच्या बातम्या येतच नाहीत, त्याचं काय?

हाही जबाबदारीचाच भाग आहे, आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. आपल्या शेजारच्या महूत जन्मलेल्या बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' काढलं. त्याची जाहिरात, पैसे देऊ केले तरी, 'केसरी'ने छापली नाही. मराठी पत्रकारितेच्या गौरवात हे पान वगळू नये. ज्या पेपरचा संपादक शब्दांसाठी मंडालेला गेला होता, त्याच पेपरात दुसऱ्याच्या शब्दांना जागा मिळाली नाही. म्हणून 'मूकनायक'ची गरज होती.

आज इंदूरच्या पेपरात स्वच्छतेच्या पहिल्या नंबराची बातमी पहिल्या पानावर येते, ते योग्यच आहे. पहाटे गटारात उतरणाऱ्या माणसाच्या हातात मोजे होते का, ही बातमी कितव्या पानावर येते, तेही बघत चला.

वाचक म्हणून आम्ही आणखी काय करू शकतो?

तुमच्या वॉर्डातली गोष्ट बातमीदाराला सांगताना कागद घेऊन जा. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तासांत. रस्त्याच्या कामाची मोजमाप पुस्तिका, पाण्याच्या नमुन्यांचे तपासणी अहवाल, शाळेच्या पोषण आहाराची बिलं, हे सगळं मागता येतं. असा एक कागद दहा फोनपेक्षा जास्त उपयोगी पडतो, आणि तोच कागद संपादकाने बातमी अडवली तर दुसऱ्या पेपरकडेही नेता येतो.